वीस कलांचा उतार

भाच्याने माझ्या तळहातावर ठेवलेली वस्तू मला आधी एखाद्या मशीनचं ब्रॅकेट वाटली. काळ्या ॲनोडाइझ केलेल्या ॲल्युमिनियमची, वीतभराहून थोडी लहान, दोन्ही टोकांना बांगडीसारखी एकेक कडी आणि खाली पकडायचा शिकंजा. वजन पाव किलोच्या आसपास असेल. सरे परगण्यातल्या त्याच्या घराच्या गॅरेजमध्ये आम्ही उभे होतो. बाहेर जुलै महिना असूनही स्वेटरची हवा होती.

"मामा, हिच्या दोन्ही कड्या एका उंचीवर आहेत का, सांग बघू."

भोसरीच्या टूलरूममध्ये माझी सदतीस वर्षं गेली. अंगठा फिरवला, डोळ्यासमोर धरून पाहिलं. सारख्याच वाटल्या. मग त्याच्या ड्रॉवरमधला व्हर्नियर काढून दोन्हीकडची उंची मोजली. मागची कडी पुढच्या कडीपेक्षा ०.७६ मिलिमीटर उंच निघाली. दोन कड्यांमधलं अंतर १३० मिलिमीटर.

"आता तुझं एटीएम कार्ड काढ आणि त्याची जाडी मोज."

कार्ड काढलं, जबड्यात धरलं. ०.७६. जगभरातली सगळी बँक-कार्डं ज्या प्रमाणाने बनतात त्यात हीच जाडी ठरवलेली आहे.

"मागच्या बाजूला हे एक कार्ड जास्त आहे ना," तो म्हणाला, "त्याच्या जोरावर माझी गोळी हजार यार्डांवर सव्वापाच मीटर उंच जाते."

मी हिशेब केला. ०.७६ भागिले १३०, गुणिले ९१४ मीटर. ५.३ मीटर. हिशेब सोपा आणि आकडा बरोबर. तरी दुसऱ्यांदा केल्याशिवाय मला चैन पडलं नाही.

त्या वस्तूला माउंट म्हणतात. लांब पल्ल्याच्या रायफलवर दुर्बीण, म्हणजे स्कोप, ज्यावर बसवतात ती बैठक. दुर्बिणीची चर्चा सगळे करतात, रायफलची करतात, गोळीची करतात. मधल्या या बैठकीबद्दल मी त्या दिवसापर्यंत एक शब्द ऐकला नव्हता, आणि पुढचे तीन आठवडे दुसरं काही डोक्यात नव्हतं.

भाचा ज्या खेळात आहे त्याचं नाव एफ-क्लास. कॅनडाचे नेमबाज जॉर्ज फार्कहरसन यांनी तो सुरू केला आणि त्यांच्याच आडनावाचं पहिलं अक्षर त्याला चिकटलं. पालथं झोपून, पुढे दुपाई किंवा टेकू आणि मागे वाळूची पिशवी लावून, दुर्बिणीतून पाहत ८००, ९००, १००० यार्डांवरच्या कागदी निशाण्यावर गोळ्या मारायच्या. बिस्लीचं स्टिकलडाउन मैदान त्यासाठी प्रसिद्ध आहे. लंडनच्या नैर्ऋत्येला, गवताळ उतारावर ते पसरलेलं आहे आणि तिथे १२०० यार्डांपर्यंत नेमबाजी चालते. हजार यार्डांवर मधलं वर्तुळ, बुल, दहा इंच व्यासाचं. जेवणाच्या ताटाएवढं. त्याच्या आत पाच इंचांचं आणखी एक. नुसत्या डोळ्यांना बुल सोडा, अख्खा निशाणा पोस्टाच्या तिकिटासारखा दिसतो.

आपल्याकडे रायफल म्हटलं की कोल्हापूर आठवतं. तेजस्विनी सावंत, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक आणणारा स्वप्निल कुसळे. त्यांच्या प्रकारात रायफलवर दुर्बीण लावायची परवानगी नाही. बारीक भोकाच्या चकतीतून पाहायचं, वस्तू मोठी करून दाखवणारं काही नाही. पन्नास मीटरवरचा त्यांचा दहा गुणांचा ठिपका १०.४ मिलिमीटरचा. तो डोळ्याशी किती कोन करतो हे मी काढून पाहिलं. बिस्लीच्या त्या दहा इंची बुलपेक्षाही लहान निघाला! कुसळे उभ्याने, गुडघ्यावर बसून आणि झोपून, दुर्बिणीशिवाय तो गाठतो. हे कळल्यावर त्या पदकाबद्दलचा माझा आदर दुप्पट झाला. पण पन्नास मीटरवर गोळीला पडायला फारसा वेळ मिळत नाही. हजार यार्डांवर मिळतो, आणि तिथून माउंटची गोष्ट सुरू होते.

नळीतून सुटल्या क्षणापासून गोळी पडू लागते. हातातून सुटलेला आंबा जसा पडतो तशीच. नळीच्या रेषेखाली ती सरकत जाते आणि वेग कितीही असला तरी गुरुत्वाकर्षण एक क्षणही सुट्टी घेत नाही. ०.३०८ इंची गोळी, ११ ग्रॅम वजनाची, सेकंदाला ८०० मीटरच्या आसपास वेगाने निघते. हवा तिला सतत मागे ओढते, म्हणून हजार यार्ड कापायला तिला दीड सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात ती नळीच्या रेषेपासून दहा-अकरा मीटर खाली आलेली असते. तीन मजली इमारत. म्हणजे निशाण्यावर नेम धरताना नळी खरं तर निशाण्याच्या डोक्यावर, तीन मजले वर, रोखलेली असायला हवी. नजर मात्र सरळ निशाण्यावर.

नजरेची रेषा आणि नळीची रेषा यांच्यात एक कोन हवा. आपल्या पंचांगवाल्यांकडे या कोनासाठी सुंदर शब्द आहेत: अंश, कला, विकला. एका अंशाच्या साठ कला, एका कलेच्या साठ विकला. ग्रहांची स्थिती देताना ज्योतिषगणिती याच मापाने लिहितात. रायफलवाल्यांचं 'मिनिट' म्हणजे हीच कला. शंभर यार्डांवर एक कला म्हणजे इंचाला जरा जास्त, हजार यार्डांवर साडेदहा इंच. भाच्याच्या रायफलला शंभर यार्डांवरून हजार यार्डांवर जायला सदतीस-एक कला चढाव लागतो. पौर्णिमेचा चंद्र आकाशात सुमारे एकतीस कला जागा व्यापतो. म्हणजे चंद्राच्या बिंबापेक्षा थोडासा मोठा कोन. तेवढ्यावर सगळा खेळ.

हा कोन द्यायचं काम दुर्बिणीचं. तिच्या डोक्यावर एक चाकी असते. ती फिरवली की टिक्-टिक् आवाज होतो आणि प्रत्येक टिक्-ला आतली एक बारीक नळी कलेच्या चौथ्या किंवा आठव्या भागाने कलते. काही दुर्बिणी मिलिरेडियनचं माप वापरतात, त्यात एक टिक् म्हणजे शंभर मीटरवर एक सेंटिमीटर. माप कुठलंही असो, आतल्या नळीला हलायला जागा किती? बाहेरच्या नळीच्या पोटात जेवढी आहे तेवढीच. समजा दुर्बिणीत एकूण साठ कलांचा पल्ला आहे. दुर्बीण अगदी सरळ बसवली तर मध्यापासून वर तीस आणि खाली तीस. लागतात सदतीस. म्हणजे चाकी फिरवत फिरवत गेलात की हजार यार्डांच्या आधीच ती ठक्क करून अडते. आणि खालच्या तीस कला नुसत्या पडून राहतात, कारण शंभर यार्डांच्या खाली कोणाला नेम धरायचाय?

यावरचा उपाय इतका साधा आहे की मला तो शोधणाऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं. अख्खी दुर्बीणच पुढे किंचित झुकवून बसवायची. वीस कला. मागची कडी एक एटीएम कार्ड वर. आता शंभर यार्डांचा नेम जुळवायला खालच्या न वापरलेल्या तीस कलांतल्या वीस खर्च होतात, आणि वर हात पसरायला पन्नास कला मोकळ्या. वाया चाललेली जमीन लागवडीखाली आणावी तसं. शिवाय लांबच्या पल्ल्यावर आतली नळी मध्याच्या जवळ राहते आणि भिंगातून चित्र मध्यातच सगळ्यात स्वच्छ दिसतं.

मग तीस कला का नकोत, चाळीस का नकोत? इथे नवखे फसतात, आणि भाचाही पहिल्या वर्षी फसला होता. जास्त उतार म्हणजे जास्त पल्ला, असं समजून त्याने चाळीस कलांचं माउंट घेतलं. दुर्बीण तीच, मध्यापासून खाली तीस कलांची. शंभर यार्डांवर नेम जुळवायला चाळीस कला खाली यायला हवं, आणि मिळतायत तीस. चाकी तळाला टेकली तरी गोळ्या निशाण्याच्या दहा इंच वर. तेव्हा माउंट निवडताना पहिला प्रश्न माउंटला विचारायचाच नाही. दुर्बिणीला विचारायचा: तुझा एकूण पल्ला किती? त्याचं अर्धं करायचं, त्यातून थोडी शिल्लक बाजूला ठेवायची, राहील तेवढाच उतार घ्यायचा. ज्या दुर्बिणीची नळी इंचभराऐवजी ३० किंवा ३४ मिलिमीटरची, तिच्या पोटात जागा जास्त, म्हणून तिला उतारही जास्त पेलवतो. आणि रायफलच्या पाठीवर माउंट ज्या पट्टीवर बसतं तिच्यातच आधी वीस कलांचा उतार कोरलेला असेल तर वरचं माउंट सपाट घ्यायचं. दोन्ही उतारांची बेरीज होते, हे विसरून चालत नाही.

इथपर्यंत भूमिती. माझं मन ज्यात खरं अडकलं ती गोष्ट पुढची आहे.

कार्डाच्या जाडीने गोळी सव्वापाच मीटर वर जाते, हे कळल्यावर टूलरूमच्या माणसाच्या मनात लगेच उलटा प्रश्न येतो. मग चूक किती खपेल? डोक्याचा एक केस घ्या. तो ०.०७ मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. तो चुकून माउंटच्या एका टोकाखाली अडकला, तर हजार यार्डांवर गोळी जवळजवळ अर्धा मीटर सरकेल. ज्या बुलची त्रिज्या पाच इंच आहे त्याच्यासाठी अर्धा मीटर म्हणजे दुसरं गाव. एक शतांश मिलिमीटर हालचाल, जी आमच्या खात्यात डायल गेजचा काटा एक घर सरकला की दिसते, तिथे सात सेंटिमीटर होते. नेम एकदा जुळवला की कायमची चूक चाकीने भरून काढता येते, त्याचं काही नाही. पण माउंटने दर गोळीला जरा वेगळ्या जागी बसायचं ठरवलं, तर जगातली सर्वांत महाग दुर्बीणही काही करू शकत नाही.

आणि त्याला जागेवर बसू न देण्याचा चंग रायफलने बांधलेला असतो. मी भाच्याच्या जेवणाच्या टेबलावर कागद पसरून ढोबळ हिशेब मांडला. गोळी आणि तिच्यामागचा जळता बारूद पुढे जातो, तेवढ्याच नेटाने रायफल मागे येते. आठ किलोची रायफल सेकंदाला सव्वा मीटरने, म्हणजे आपल्या चालण्याच्या वेगाने मागे येते. हा वेग काहीच नाही. पण शून्यापासून तिथवर पोचायला तिला वेळ मिळतो तो गोळी नळीत आहे तेवढाच, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम पावणेदोन पट. भागाकार केला की प्रवेग येतो गुरुत्वाकर्षणाच्या पाऊणशे पट, तोही सरासरी. टोकाच्या क्षणी त्याहून बराच जास्त. किलोभराची दुर्बीण त्या क्षणी पाऊणशे किलोची होते. सिमेंटचं दीड पोतं! आणि ते दीड पोतं जागच्या जागी राहू पाहतं, खालून रायफल मागे पळते, मधे ती दोन कड्यांची बैठक. प्रत्येक गोळीला. एका दुपारी साठ-सत्तर वेळा.

हे सगळं घर्षणावर पेलायचं असतं. कडीत दुर्बिणीची गुळगुळीत नळी, वरून झाकण, झाकणाला चार किंवा सहा बारीक स्क्रू. आपला पहिला विचार काय? आवळा! कचकचून आवळा! मीही तेच म्हणालो. भाच्याने एक जुनी दुर्बीण काढून दाखवली. तिच्या नळीवर कडीच्या कडेने एक वळ उमटला होता, हाताला लागेल असा. स्क्रू जास्त आवळला की पातळ नळी दबते, आतली हलणारी नळी अडखळते आणि टिक्-ला टिक् सरकेनाशी होते. कड्यांचे स्क्रू सहसा दोन न्यूटन-मीटरच्या आत आवळायचे असतात. दोन न्यूटन-मीटर म्हणजे किती, तर एलन कीचा आखूड दांडा दोन बोटांनी फिरवला तर जेमतेम येईल तेवढं. खालचा शिकंजा मात्र त्याच्या तिप्पट-चौपट. यासाठी लहान टॉर्क रेंच मिळतो आणि माझ्या मते माउंटच्या किमतीत त्याची किंमत धरूनच चालावं. आधी एक स्क्रू अर्धा वळसा, मग समोरचा, मग तिरका. दोन्ही बाजूंची फट सारखी. कारच्या चाकाचे नट आवळतात तसं.

मग जोर कमी लावून ते दीड पोतं कसं धरायचं? स्पर्शाचं क्षेत्र वाढवून. कडी नळीला सगळीकडून सारखी टेकली पाहिजे. आणि इथे मला माझा जुना दोस्त भेटला.

जोसेफ व्हिटवर्थ. आमच्या पिढीतला कुठलाही फिटर हे नाव झोपेतसुद्धा सांगेल. बीएसडब्ल्यू आट्यांमधला डब्ल्यू म्हणजे तोच. आटे पंचावन्न अंशांचे असावेत असं १८४१ साली मँचेस्टरच्या या माणसाने ठरवलं, आणि दीडशे वर्षांनंतरही आमच्या खात्यातल्या जुन्या लेथवर तेच आटे होते. पण त्याची मला सर्वांत आवडणारी गोष्ट आट्यांच्या आधीची आहे. खरोखर सपाट पृष्ठभाग कसा बनवायचा? मापायला आधीच एक सपाट पृष्ठभाग हवा, आणि तो नाहीच. दोन तबकड्या एकमेकींवर घासून जुळवल्या तर त्या जात्याच्या तळ्यांसारख्या होऊ शकतात: एक फुगीर, एक खोलगट, आणि तरी एकमेकींत चपखल. व्हिटवर्थने १८४० मध्ये ग्लासगोला विद्वानांच्या सभेत मांडलेली पद्धत अशी की तीन तबकड्या घ्यायच्या. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी, तिसरी पहिलीशी जुळवायची. निळा रंग लावून उंचवटे शोधायचे आणि खरवडून काढायचे. तिन्ही एकमेकींशी जुळायच्या असतील तर एकच शक्यता उरते. तिन्ही सपाट. काहीही न मोजता सपाटपणा जन्माला येतो! मी ही गोष्ट शिकाऊ मुलांना सांगायचो तेव्हा दर वर्षी एखाद्याचे डोळे चमकायचे.

त्याच व्हिटवर्थने पुढे रायफल बनवली. तिची नळी आतून षटकोनी, आणि अचूकपणात तिने त्या काळातल्या सगळ्यांना मागे टाकलं. २ जुलै १८६० रोजी इंग्लंडच्या नॅशनल रायफल असोसिएशनची पहिली सभा भरली ती विम्बल्डनला. हो, टेनिसच्या आधी विम्बल्डन नेमबाजीचं होतं. ती सभा बिस्लीला हलली १८९० मध्ये. विम्बल्डनच्या त्या पहिल्या सभेत उद्घाटनाची गोळी राणी व्हिक्टोरियाने मारली. राणीने रायफल खांद्याला लावली नव्हती. व्हिटवर्थने ती लोखंडी बैठकीत पक्की बसवून, नेम जुळवून ठेवली होती. राणीने रेशमी दोरी ओढली. चारशे यार्डांवर गोळी केंद्रापासून सव्वा इंचावर लागली. टूलरूमवाल्याच्या नजरेने पाहिलं तर ती गोळी राणीची नव्हती, बैठकीची होती.

याच रायफलींवर पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात दुर्बिणी बसल्या. त्या दुर्बिणीचं नाव डेव्हिडसन. डेव्हिड डेव्हिडसन ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत, आपल्या मुंबई इलाख्याच्या फौजेत होता. त्याची दुर्बीण नळीच्या वर नव्हे, रायफलच्या डाव्या कुशीला बसायची. त्याआधी अमेरिकेत मॉर्गन जेम्स आणि १८५५ पासून सिरॅक्यूसचा विल्यम माल्कम हे लांबलचक, काठीसारख्या दुर्बिणी बनवत होते. त्या सगळ्या काळात चाकी दुर्बिणीत नव्हतीच. दुर्बिणीच्या आत काहीच हलत नसे. उंची-दिशा बदलायचं काम माउंट करायचं: मागच्या बैठकीला मायक्रोमीटरसारखे स्क्रू असायचे आणि ते फिरवले की अख्खी दुर्बीण उचलली जायची. पिट्सबर्गच्या जॉन उनर्टलच्या दुर्बिणी विसाव्या शतकातही अशाच होत्या. धक्का बसला की त्या बैठकीत पुढे घसरायच्या आणि नेमबाज त्या परत मागे ओढून घ्यायचा. नंतर हलणारे सगळे भाग दुर्बिणीच्या पोटात गेले. माउंटचं काम तेव्हापासून एकच उरलं आहे: न हलणं.

कड्या नळीला कशा टेकतात याचा प्रश्न सुटं माउंट घ्यायचं की अखंड, यावर येऊन थांबतो. दोन सुट्या कड्या स्वस्त, हलक्या, हव्या तितक्या अंतरावर लावता येतात. पण त्यांचे अक्ष एका रेषेत असतीलच याची हमी पट्टीवर अवलंबून, आणि पट्टी चार लहान स्क्रूंनी रायफलच्या गोल पाठीवर बसवलेली. थोडी वाकडी बसली तर दोन कड्या दोन दिशांना पाहतात आणि मधली नळी पिळली जाते. जुने नेमबाज मग सळई आणि लॅपिंग पेस्ट घेऊन कड्या आतून घासून काढत. अखंड माउंटमध्ये दोन्ही कड्या एकाच ठोकळ्यातून, एकाच सेटिंगमध्ये कापलेल्या असतात. ज्याने बोरिंग मशीनवर काम केलंय त्याला 'एकाच सेटिंगमध्ये' या दोन शब्दांची किंमत सांगावी लागत नाही. चांगली पट्टी आणि खऱ्या दर्जाच्या कड्या असतील तर सुट्याही उत्तम चालतात. तरी मला कोणी विचारलं तर मी अखंड म्हणेन, आणि उंची अशी घेईन की दुर्बिणीचं पुढचं भिंग नळीला न टेकता सुटावं आणि पालथं झोपल्यावर गाल टेकताच डोळा आपोआप मध्यावर यावा. मान ताणून पाहावं लागलं की दहाव्या गोळीला खांदे दुखतात.

पट्टीबद्दल थोडक्यात. न्यू जर्सीतल्या पिकॅटिनी शस्त्रागाराच्या नावाने ती ओळखली जाते. १९९५ साली तिचं प्रमाण ठरलं. आडव्या खाचा ५.२३ मिलिमीटर रुंद, दर १० मिलिमीटरला एक. त्याआधीची विव्हरची पट्टी दिसायला तशीच, पण तिच्या खाचा अरुंद, म्हणून पिकॅटिनीसाठी बनवलेलं माउंट विव्हरच्या पट्टीवर बसेलच असं नाही. माउंटच्या पोटाखाली एक आडवी दांडी असते, ती या खाचेत बसते. शिकंजा आवळण्याआधी माउंट बोटाने पुढे, नळीच्या तोंडाकडे, ढकलून खाचेच्या भिंतीला टेकवायचं. कारण धक्क्याने रायफल मागे जाते आणि दीड पोतं पुढे सरकू पाहतं. आधीच टेकलेलं असेल तर सरकणार कुठे?

शेवटचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं. दुर्बिणीतली उभी रेघ खरोखर उभी आहे का, हे पाहायचं होतं. रायफल एका अंशाने कलंडली, तर गोळीचा तो सदतीस कलांचा चढावही कलंडतो आणि हजार यार्डांवर ती सतरा-अठरा सेंटिमीटर बाजूला पडते. बुलच्या बाहेर. एक अंश म्हणजे मिनिटकाटा दहा सेकंदांत सरकतो तेवढं. डोळ्यांना कळत नाही.

"लेव्हल आहे माझ्याकडे, पण दुर्बिणीवर मला खात्री वाटत नाही तिची," भाचा म्हणाला.

"ओळंबा सोड," मी म्हटलं.

त्याला शब्द आठवायला क्षणभर लागला. मग हसून तो दोरा आणायला गेला. वजनाला काय लावायचं म्हणून मी गॅरेजचे डबे धुंडाळले. घर जुनं, आधीच्या मालकाने मागे ठेवलेल्या खिळ्या-मोळ्यांत एक मोठा गंजका नट सापडला. आटे पाहिले. पंचावन्न अंश. व्हिटवर्थ. बागेच्या टोकाला सफरचंदाच्या फांदीवरून पांढरा दोरा सोडला, खाली तो नट बांधला, आणि नट पाण्याच्या बादलीत बुडवला, म्हणजे वाऱ्याने झुलणार नाही. गवंडी हेच करतात. इकडे रायफल टेबलावर शिकंज्यात धरून पट्टीवर पाणसळ ठेवली, बुडबुडा मध्यावर आणला, आणि कड्यांचे स्क्रू सैल ठेवून दुर्बीण हलकेच फिरवत राहिलो. काळी रेघ पांढऱ्या दोऱ्यावर आली, ओलांडून गेली, परत आली, आणि दोरा रेघेआड पूर्ण लपला. मग एकेक स्क्रू, अर्धा-अर्धा वळसा. आवळताना दुर्बीण फिरू पाहते, म्हणून प्रत्येक वळशाला पुन्हा दोरा पाहायचा. पाऊण तास गेला.

शनिवारी बिस्लीला त्याने मला निशाण्याच्या खंदकात बसवलं. मातीच्या जाड बांधामागे, निशाण्याच्या पायाशी, पाहुण्यांनाही काम असतं: गोळी लागली की चौकट खाली ओढायची, भोक शोधायचं, त्यात चकती खोचायची, चौकट परत वर. डोक्यावर निशाणा, त्याच्यावर ढगाळ आभाळ. रायफल हजार यार्ड दूर, दिसत नाही.

आधी गोळीच येते. चाबूक फुटावा तसा कडाड् आवाज होतो आणि कागद थरथरतो. मग शांतता. नंतर, साधारण सेकंदाने, दुरून रायफलचा घुमा आवाज पोचतो, कारण गोळी आवाजाच्या पुढे धावून आलेली असते. त्या एका सेकंदात मला कळत होतं की तिकडे दीड पोतं उडी मारून परत जागेवर बसलंय. बसलंय का?

चौकट खाली ओढली. पेन्सिल जाईल एवढं भोक, कडा स्वच्छ. बुलमध्ये, मधल्या वर्तुळाला लागून. आधीच्या गोळीचं भोक तिथून चार बोटांवर होतं. चकतीची काडी भोकात खोचली आणि चौकट वर ढकलली.